‘सेक्टर ९’ म्हणजे कुठला सेक्टर ९?

रबाळे एमआयडीसीतल्या एका घाऊक वितरकासाठी आम्ही वेबवर चालणारा नकाशा बांधला. किराणा दुकानांना माल पुरवायचा धंदा. दुकानं १,८४०, सेल्समन २२, गाड्या ९. पसारा घोडबंदर रोडवरच्या गायमुखापासून थेट नेरुळपर्यंत. मागणी साधी होती: कुठलं दुकान कोणाच्या बीटमध्ये (सेल्समनला नेमून दिलेल्या भागात) ते दिसावं, तीस दिवसांत ज्याची ऑर्डर आली नाही ते दुकान उठून दिसावं, आणि सकाळी टेम्पो भरताना कुठला माल कुठल्या गाडीत जाणार हे नकाशा बघून ठरवता यावं.

अशा कामात पहिली बैठक हमखास ‘लीफलेट घ्यायचं की मॅपलिब्रे’ यावर रंगते. ब्राउझरमध्ये नकाशा काढून देणाऱ्या या दोन तयार लायब्रऱ्या. तो निर्णय दोन दिवसांचा. चौदा आठवड्यांतले आठ आठवडे पत्त्यांनी खाल्ले, म्हणून सुरुवात पत्त्यांपासूनच.

पत्ते एक्सेलमध्ये होते आणि एक्सेलने त्यांची वाट लावलेली होती. कोणीतरी ‘सेक्टर ९/१०’ लिहिताना रकान्यात नुसतं ९/१० टाकलं की एक्सेल त्याची तारीख करतं. भारतीय सेटिंगच्या संगणकावर ९ ऑक्टोबर होतो, अमेरिकन सेटिंगच्या संगणकावर १० सप्टेंबर. आमच्या फाइलचा प्रवास दोन्ही प्रकारच्या संगणकांवरून झाला होता. त्यामुळे ‘तारखा उलटवून परत सेक्टर करा’ हा उपाय बाद झाला, आणि ११४ ओळी छापील बिलांवरून हाताने दुरुस्त कराव्या लागल्या. सुरुवातीला ९१ लावलेले बारा आकडी मोबाइल नंबर घातांकात गेले होते. तशी दिसणारी फाइल सीएसव्ही (साधी मजकूर फाइल) म्हणून जतन केली की दिसतं तेवढंच लिहिलं जातं, शेवटचे आकडे कायमचे गेले. म्हणून सीएसव्हीवर डबलक्लिक करायचं नाही. एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून फाइल आत घ्यायची, पत्ता, पिन आणि फोन या रकान्यांना ‘टेक्स्ट’ सांगायचं, मूळ कूटलेखन (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ निवडायचं. हे न केल्यास मराठी नावांच्या जागी चौकोन आणि चित्रविचित्र चिन्हं येतात.

फाइल धुऊन झाल्यावर खरा प्रश्न पुढे आला. नवी मुंबईचा पत्ता कागदावर फार शिस्तीचा दिसतो: सेक्टर ९, प्लॉट १४, शॉप ६. पण सेक्टर ९ वाशीला आहे, ऐरोलीला आहे, कोपरखैरण्याला आहे, घणसोलीलाही आहे. नोडचं, म्हणजे वाशी-ऐरोलीसारख्या उपनगराचं, नाव नसेल तर तो पत्ता नव्हेच. सेल्समनला ते लिहायची गरज कधी वाटली नाही, कारण तो आयुष्यभर एकाच नोडमध्ये फिरतो. त्यातच सेक्टरांच्या मधोमध जुनी गावं बसलेली आहेत: जुहूगाव, बोनकोडे, दिवागाव. तिथे प्लॉट नंबर चालत नाही, ‘तळ्यासमोर, मारुतीच्या देवळामागे’ चालतं. ठाण्यात तर पत्ता नाक्यावरून सुरू होतो. ‘नितीन कंपनीजवळ’ म्हणजे चौक, हे ठाणेकराला सांगावं लागत नाही. पत्ता शोधणारी सेवा मात्र त्या नावाची एखादी कंपनी शोधायला जाते आणि सापडली की खुशाल तिथे टिंब ठेवते.

नावांची जोडपी तर डोकेदुखीच. कोपरी ठाणे पूर्वेला आहे आणि वाशीच्या बाजार समितीजवळही आहे. मानपाडा घोडबंदर रोडवर आहे आणि डोंबिवलीतही. दिवा म्हटलं की रेल्वेचं जंक्शन, पण ऐरोलीकराचा दिवा म्हणजे दिवागाव. अशा नावांची एक छोटी यादी करून ठेवली. यादीतलं नाव आलं आणि पिनकोड नसला की ती ओळ पुढे जातच नाही, माणसाकडे परत येते.

पत्ता शेवटी सात रकान्यांत तोडला: शहर, नोड किंवा विभाग, सेक्टर किंवा रस्ता, प्लॉट, इमारत, गाळा, खूण. आठव्या रकान्यात मूळ पत्ता जसाच्या तसा. हा आठवा रकाना कधीही पुसायचा नाही. तोडण्याचा नियम महिन्याभराने बदलतो आणि तेव्हा मूळ पत्ता हाच आधार उरतो.

पुढची पायरी पत्त्याचे अक्षांश-रेखांश मिळवणं, म्हणजे जिओकोडिंग. इथे पैशाआधी अटी वाचायच्या. गूगलच्या अटींनुसार त्यांच्या जिओकोडिंगमधून आलेले अक्षांश-रेखांश तीस दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाहीत, प्लेस आयडी, म्हणजे गूगलने त्या जागेला दिलेला संकेत, तेवढा ठेवता येतो. कायमचा दुकानांचा तक्ता बनवायचा असेल तर ही अट सगळं गणित बदलते. लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची नॉमिनॅटिम ही पत्ते शोधणारी सेवा फुकट आहे, पण सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला एकच विनंती चालते. १,८४० पत्ते म्हणजे साधारण एकतीस मिनिटं, ते चालून गेलं असतं. अडलं ते निकालावर: सेक्टर सापडायचा, प्लॉट नाही. शेवटी साठवणुकीची परवानगी करारात लिहून देणारी एक सशुल्क सेवा घेतली. तिच्या जोडीला सेक्टरांच्या हद्दी आम्ही स्वतः काढल्या. सिडकोचे नोडनिहाय आराखडे क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकांचे सहा-सात नियंत्रणबिंदू देऊन जागेवर बसवले आणि त्यावरून बहुभुज काढले. चार बिंदूंत आराखडा बसल्यासारखा दिसतो, पण कडेला वीस-पंचवीस मीटर सरकलेला असतो. सातव्या बिंदूनंतर फरक थांबला.

जिओकोडरची मोठी खोड अशी की तो ‘माहीत नाही’ असं म्हणत नाही. प्लॉट सापडला नाही तर सेक्टरचा मध्य देतो, तोही नाही तर वाशीचा मध्य, तोही नाही तर पिनकोडचा. उत्तराच्या पोटात ते किती नेमकं आहे हे लिहिलेलं असतं, गूगलकडे ‘रूफटॉप’पासून ‘अ‍ॅप्रॉक्झिमेट’पर्यंत चार पायऱ्या आहेत, पण घाईत कोणी ती नोंद घेत नाही. तपासणी अगदी सोपी आहे: समान अक्षांश-रेखांशांचे गट करा आणि तीनपेक्षा जास्त दुकानं असलेला प्रत्येक गट उघडा. आमच्याकडे एकाच टिंबावर ६१ दुकानं निघाली. नकाशावर ती एकच दुकान दिसत होती आणि मालक म्हणत होता, ‘वाशीत आपला माल कमी जातो वाटतं.’

म्हणून तक्त्यात ‘भरवसा’ नावाचा रकाना आला, आणि पुढच्या प्रत्येक वादात तोच कामी आला. ‘क’ म्हणजे सेल्समनने दुकानासमोर उभं राहून घेतलेली जागा. ‘ख’ म्हणजे इमारतीपर्यंत पोचलेलं जिओकोडिंग. ‘ग’ म्हणजे सेक्टरचा किंवा रस्त्याचा मध्य. ‘घ’ म्हणजे काहीच नाही. पहिल्या फेरीनंतर ‘क’ शून्य, ‘ख’ ६९०, ‘ग’ ८३२, ‘घ’ ३१८. नकाशावर ‘ग’ची टिंबं पोकळ काढली. ‘घ’ची काढलीच नाहीत, पण त्यांचा आकडा वरच्या पट्टीत लाल अक्षरात कायम ठेवला. जे नकाशावर नाही ते विसरलं जातं, आणि तीनशे दुकानं म्हणजे थोडाथोडका धंदा नाही.

‘क’ मिळवायला सेल्समनच्या फोनसाठी एक पान केलं: दुकानाचं नाव निवडा, ‘मी दुकानासमोर आहे’ हे बटण दाबा. ब्राउझर जागा देतो ती फक्त एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित पत्त्यावरच्या पानाला. कार्यालयातल्या वायफायवर आयपी पत्ता टाकून चाचणी घेतलीत तर परवानगीची खिडकीसुद्धा येत नाही. पहिलं वाचन बहुतेकदा मोबाइल टॉवरचं असतं, त्यात चूक पाचशे ते पंधराशे मीटरची. म्हणून एक वाचन न घेता सलग ऐकत राहायचं, जुनी साठवलेली जागा नाकारायची, आणि अचूकतेचा आकडा पंचवीस मीटरच्या आत येईपर्यंत किंवा तीस सेकंद होईपर्यंत थांबायचं. तीस सेकंदांनी पन्नासच्या वर असेल तर नोंद घ्यायचीच नाही. दोन सेल्समनचा आकडा काही केल्या दोन हजाराखाली येईना. अँड्रॉइड १२पासून परवानगी देताना ‘नेमकी’ आणि ‘अंदाजे’ असे दोन पर्याय येतात, दोघांनी ‘अंदाजे’ निवडलं होतं. बाजार समितीच्या गाळ्यांत आणि मॉलच्या तळमजल्यावर उपग्रह दिसतच नाहीत, तिथे बाहेर येऊन फाटकाजवळ वाचन घ्यायचं आणि ‘फाटक’ अशी नोंद करायची. टेम्पोला तसंही फाटकच हवं असतं.

कामचुकारपणा होतो, तो धरून चालावं. एकाच सेल्समनच्या वेगवेगळ्या दुकानांची टिंबं दहा मीटरच्या आत आणि दहा मिनिटांत पडली तर ती ओळ बाजूला काढणारी चौकशी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) रोज रात्री चालवली. दुसऱ्याच दिवशी एका चहाच्या टपरीवर अकरा दुकानं सापडली. रागावण्यात अर्थ नव्हता, कारण पानाच्या पहिल्या आवृत्तीत दुकान निवडायला लांबलचक यादी सरकवावी लागत होती आणि भर उन्हात ते कोण करणार? यादी जवळच्या दुकानांपुरती, बीटच्या क्रमाने लावली आणि टपरी रिकामी झाली.

सतत पाठलाग करणारा, दर मिनिटाला सेल्समन कुठे आहे हे दाखवणारा नकाशा मागितला गेला होता. तो आम्ही केला नाही. ब्राउझर पडद्याआड गेला की जागा देणं थांबवतो, त्यासाठी वेगळं अ‍ॅप लागतं. शिवाय २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बघता, कशासाठी आणि किती दिवस ही माहिती ठेवणार याचं उत्तर धंद्याकडे असायला हवं. ते नव्हतं. बटण दाबलं तेव्हाचीच जागा साठवायची, यावर एकमत झालं.

आता क्रमाची गोष्ट. ठाणे साधारण १९.२ उत्तर, ७२.९८ पूर्व. माणूस आधी अक्षांश म्हणतो, लीफलेटही आधी अक्षांश घेतं. पण जिओजेसन (नकाशातली माहिती लिहिण्याची पद्धत), मॅपलिब्रे आणि पोस्टजीआयएस (जागा साठवणारा डेटाबेस) आधी रेखांश घेतात. उलट झालं तर ठाणं ७२.९८ उत्तर, १९.२ पूर्व इथे, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतं. सगळीच दुकानं उलटली तर लगेच कळतं. एका आयातीत चाळीसच उलटली तर पडदा ठाण्यावर असल्यामुळे ती दिसतच नाहीत. उपाय तक्त्यातच ठेवावा: अक्षांश १८.८ ते १९.४ आणि रेखांश ७२.८ ते ७३.३ यांच्या बाहेरची ओळ डेटाबेसने स्वीकारूच नये. दशांशाची पाच स्थळं पुरेत, ती साधारण एक मीटरपर्यंत पोचतात. पंधरा स्थळं साठवून दुकान काही जास्त खरं होत नाही.

अंतरांचं एकक हा दुसरा खड्डा. ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे अंशांतल्या अक्षांश-रेखांशांत, साठवलेल्या भूमितीवर ‘५०० च्या आतली दुकानं’ असं विचारलं तर पोस्टजीआयएस ५०० अंश समजतं आणि सगळीच दुकानं देतं. मग कोणीतरी सुचवतं, वेबनकाशाचं प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट मांडायची रीत) ३८५७ घ्या, त्यात एकक मीटर आहे. आहे, पण ते विषुववृत्तावरचे मीटर. आपल्या १९ अंशांवर त्या प्रक्षेपणात अंतर सुमारे ५.८ टक्के फुगतं. पाचशे मीटरचं वर्तुळ जमिनीवर ४७२ मीटरचंच असतं, आणि क्षेत्रफळ बारा टक्क्यांनी चुकतं. आम्ही दुकानं ‘जिऑग्राफी’ प्रकारात (यात अंतर जमिनीवरच्या मीटरमध्ये मिळतं) ठेवली आणि बीटच्या हद्दींची मोजणी यूटीएम या मीटरमधल्या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर पट्ट्यात, म्हणजे ३२६४३ मध्ये केली. एक बारीक गोष्ट: अटीच्या ओळीत स्तंभाचंच रूपांतर करत बसलात तर त्यावरची जिस्ट अनुक्रमणी (शोध वेगात करणारी सूची) वापरली जात नाही. दुकानं दोन हजार असताना जाणवणार नाही, दोन लाख झाली की जाणवेल.

बीटच्या हद्दी आखताना आम्ही पहिली चूक केली ती सगळेच करतात: रस्त्याच्या मध्यावरून रेघ मारली. दुकानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोंड करून असतात, फोनची जागा दहा-पंधरा मीटर हलते, त्यामुळे दुकान आज या बीटमध्ये आणि उद्या समोरच्या. महिनाअखेरीला इन्सेन्टिव्हची भांडणं सुरू. नंतर सगळ्या हद्दी रस्त्यांवरून काढून नाल्यांवर, रेल्वेमार्गावर, इमारतींच्या मागच्या कुंपणांवर नेल्या. ट्रान्सहार्बरचे रूळ ही नवी मुंबईतली सगळ्यात समजूतदार हद्द आहे, रुळांवर किराणा दुकान नसतं. हाताने काढलेल्या बहुभुजांत बारीक फटी आणि आच्छादनं राहतातच. क्यूजीआयएसमध्ये स्नॅपिंग (जवळच्या रेघा आपोआप चिकटवणं) सुरू ठेवावं आणि शेवटी दोन चौकश्या चालवाव्यात: कुठल्या दोन बीटचा सामाईक भाग पन्नास चौरस मीटरपेक्षा जास्त आहे, आणि कुठलं दुकान एकाही बीटमध्ये नाही. पहिल्या वेळी सात आणि तेवीस असं उत्तर आलं. रोज संध्याकाळी शून्य आणि शून्य येईपर्यंत हे चालवलं.

पायाचा नकाशा निवडताना मॅपलिब्रे घेतलं. मॅपबॉक्सने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या लायब्ररीची दुसरी आवृत्ती बंदिस्त परवान्याखाली नेली तेव्हा आधीच्या खुल्या आवृत्तीवरून जी फांदी फुटली, ती ही. नकाशाच्या फरशा, म्हणजे टाइल्स, ओपनस्ट्रीटमॅपच्या सार्वजनिक सर्व्हरवरून घ्यायचा मोह होतो. तो सर्व्हर देणग्यांवर चालतो आणि जड वापर दिसला की बंद करतो. धंद्याचं रोजचं काम त्यावर टाकू नये. आम्ही पीएमटाइल्स वापरलं: ठाणे-नवी मुंबईच्या चौकटीपुरता नकाशा एकाच फाइलमध्ये, शंभर एमबीच्या आत, आपल्याच सर्व्हरवर. ब्राउझर त्या फाइलचे हवे तेवढेच तुकडे मागतो, म्हणून सर्व्हरच्या उत्तराचा कोड २०६, म्हणजे ‘तुकडा दिला’, यायला हवा. २००, म्हणजे ‘पूर्ण फाइल’, आला तर मधल्या प्रॉक्सीने (वाटेतल्या सर्व्हरने) तुकड्यांची मागणी गिळली असं समजावं. बहुतेक वेळा फाइल वाटेत दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवण्याची सेटिंग दोषी असते. कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय लिहायला विसरू नये, ती परवान्याची अट आहे, उपकार नव्हे.

देशाच्या सीमेचा मुद्दा कार्यालयात कोणाच्या लक्षातच नव्हता. ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेल्या नकाशांत जम्मू-काश्मीरची सीमा प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे येते. १९६१च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आम्ही झूम ९च्या खाली, म्हणजे त्याहून दूरच्या दृश्यात, जायला बंदी घातली आणि नकाशा चौकटीबाहेर सरकू दिला नाही. रबाळ्याच्या वितरकाला लडाख बघायचं कारण नाही. देशभर शाखा असतील तर ही पळवाट चालत नाही. मग पायाच्या नकाशातला सीमेचा स्तर काढून सर्वेक्षण विभागाची सीमा बसवावी लागते.

देवनागरी नावांनी आठवडा घेतला. मॅपलिब्रे नकाशावरची अक्षरं एकेक ठसा शेजारी शेजारी मांडून काढतं, आपल्या लिपीची जोडणी त्याला जमली नाही. ‘शिळफाटा’ची पहिली वेलांटी श च्या नंतर जाऊन बसली आणि तुर्भ्याचा रफार उतरून ‘तुर्‌भे’ झाला. नकाशा मराठी कळणाऱ्यांना दाखवेपर्यंत चाचणी घेणाऱ्या कोणाला त्यात वावगं दिसलं नव्हतं. उपाय ओबडधोबड आहे, पण चालतो: नोड आणि विभागांची चाळीसेक नावं नकाशाच्या वर साध्या एचटीएमएलच्या पट्ट्या म्हणून ठेवली, तिथे अक्षरं ब्राउझर जुळवतो आणि नीट जुळवतो. दुकानांची नावं टिचकी मारल्यावरच्या खिडकीत येतात, तिथे हा प्रश्न नाहीच. गल्ल्यांची नावं इंग्रजीतच ठेवली.

१,८४० टिंबं प्रत्येकी एक चित्र म्हणून पानावर लावली तर सेल्समनचा आठ हजारांचा फोन गुडघे टेकतो. वर्तुळांचा एकच स्तर केला की तोच फोन आरामात चालतो. सुरुवातीला प्रत्येक दुकानाची सगळी माहिती पाठवत होतो, फाइल १.४ एमबी. क्रमांक, बीट, स्थिती आणि भरवसा एवढंच ठेवल्यावर ती २६० केबीवर आली, वाटेत दाबल्यावर पन्नासच्या आत. बाकीचं टिचकी मारल्यावर मागवायचं. टिंबाचा रंग जागच्या जागी बदलायला दुकानाचा क्रमांक पूर्णांक लागतो. आमचे क्रमांक ‘ठा-००४२’ असे होते, त्यामुळे रंग गप्प बसून बदलेना, चूकही दिसेना. स्रोतात ‘प्रोमोट आयडी’ (कुठला रकाना क्रमांक मानायचा ते) सांगितल्यावर सुटलं. आणि लाल-हिरव्यावर विसंबू नये. तीस दिवस ऑर्डर न आलेल्या दुकानाला आम्ही जाड काळी कडा दिली.

अंतराचा खरा धडा रबाळ्यानेच दिला. गोदामाभोवती सात किलोमीटरचं वर्तुळ काढलं की पश्चिमेला खाडीपलीकडचं मुलुंड पूर्व आत येतं आणि उत्तरेला मुंब्रा. मुलुंडला ऐरोली पुलावरून जाता येतं, ते ठीक. मुंब्र्याच्या आड मात्र पारसिकचा डोंगर उभा आहे. कळव्यावरून फिरा, नाहीतर महापे-शिळफाट्यावरून. वर्तुळ पुसून टाकलं आणि रस्त्याचं अंतर घ्यायला ओएसआरएम हे मार्ग काढणारं साधन उभं केलं. त्यात एका वेळी शंभरच ठिकाणांचा अंतरतक्ता मिळतो, मर्यादा वाढवण्याचा पर्याय सर्व्हर सुरू करतानाच द्यावा लागतो. घोडबंदर रोडवर दुसरीच अडचण: दुकान दुभाजकापलीकडे असलं तर पुढच्या यू-टर्नपर्यंत जाऊन परत यावं लागतं, आणि साधं गणित गाडी समोरच उभी करून मोकळं होतं. विनंतीत ‘अप्रोचेस’ला ‘कर्ब’ दिलं की गाडी दुकानाच्या बाजूने पोचते. कापूरबावडी-माजिवड्याला उड्डाणपुलाखालचं दुकान पुलावरच्या रस्त्याला चिकटतं. अशा नऊ दुकानांचा ‘गाडी उभी राहण्याचा बिंदू’ आम्ही दुकानाच्या बिंदूपासून वेगळा, हाताने ठेवला.

टेम्पो भरायला व्हरूम हे गाड्यांच्या फेऱ्या ठरवणारं साधन ओएसआरएमवर बसवलं. छोटा हत्ती ७५० किलो, दुकानाला सरासरी सात मिनिटं उतराई, दुपारी दीड ते चार शटर खाली. तेल आणि पीठ यांची गाडी वजनाने भरते, कुरकुऱ्यांसारख्या पाकिटांची जागेने, म्हणून वजन आणि क्रेट अशा दोन मर्यादा द्याव्या लागल्या. एकच दिली तेव्हा साधनाने ३४० किलोत बाहेर लोंबणारी गाडी सुचवली. ओएसआरएमची वेळ रिकाम्या रस्त्याची असते. सकाळी अकरापर्यंत आम्ही तिला १.५ने गुणतो, संध्याकाळी घोडबंदरसाठी २.२ने. हे गुणक आमच्याच गाड्यांच्या तीन आठवड्यांच्या वेळांवरून काढलेले आहेत, दुसऱ्याने उचलू नयेत. अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेप्रमाणे बदलत राहतात. त्या कोडमध्ये न लिहिता तक्त्यात ठेवल्या, म्हणजे गोदामातला माणूसच बदलतो.

मालकाला भिंतीवर लावायला ए-३ आकाराचा छापील नकाशा हवा होता. छापला तर कोरा कागद. नकाशाचा कॅनव्हास रंगवून झाल्यावर ब्राउझर तो पुसतो. ‘प्रिझर्व्ह ड्रॉइंग बफर’ सुरू ठेवलं तरच छापता येतो, पण त्याने फोनवर वेग पडतो. म्हणून छपाईचं पान वेगळं केलं. तिथल्या चलनावर दुकानाचा डिजिपिनही छापतो. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला हा दहा अक्षरांचा संकेत सुमारे चार मीटरच्या चौकोनापर्यंत नेतो, इंटरनेटशिवाय काढता येतो आणि ड्रायव्हरला फोनवर वाचून दाखवता येतो. ‘भरवसा क’ नसलेल्या दुकानाचा डिजिपिन छापत नाही. चार मीटरच्या थाटात सेक्टरचा मध्य सांगण्यात अर्थ नाही.

पाच महिन्यांनी ‘क’ १,६१२ आहेत, ‘घ’ १९. उरलेल्यांत नव्याने अडचण देतात ती पुनर्विकासाची दुकानं. नौपाड्यात इमारत पाडायला गेली की दुकान दोन गल्ल्या सोडून तात्पुरत्या गाळ्यात बसतं, नाव तेच, जीएसटी क्रमांक तोच. सुरुवातीला सेल्समन टिंब सरकवायचा आणि त्याबरोबर मागच्या दोन वर्षांच्या ऑर्डरी नव्या जागेवर जायच्या. जुन्या गल्लीतली विक्री अहवालातून नाहीशी व्हायची. आता जागांचा तक्ता वेगळा आहे, प्रत्येक जागेला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ तारीख. सतरा दुकानांच्या नावावर सध्या दोन-दोन जागा आहेत. इमारत उभी राहिली की तिसरी ओळ पडेल, आणि सेल्समन नव्या गाळ्यासमोर उभा राहून बटण दाबेपर्यंत तिच्यापुढे ‘ग’च लिहिलेलं असेल.